दोन वह्यांचा कारभार आणि खाणीतले अपघात

आपल्या शहाद्याच्या आसपास कोळशाची खाण नाही. तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीत कापूस, ऊस, केळी, पपई पिकते. कोळसा निघतो तो तिकडे नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ भागात. मग खाणीतल्या अपघातांविषयी या पानावर का लिहावे, असा प्रश्न वाचक बांधवांना पडेल. त्याचे कारण सांगतो.

मागच्या महिन्यात एक परिचित व्यापारी दुकानावर आले. त्यांच्या मुलाला शेअरमध्ये थोडी रक्कम गुंतवायची होती. एका खाण कंपनीचा वार्षिक अहवाल त्यांनी मोबाईलवर दाखवला. सुरक्षिततेच्या पानावर दुखापतींचा आकडा दरसाल खाली येत चालला होता आणि शेवटच्या रकान्यात चक्क शून्य होते. ते म्हणाले, "भाई, पाहा, किती चोख कारभार आहे!" मी म्हणालो, "कारभार चोख असेलही. पण हे शून्य लिहिले कोणी? आणि शून्य लिहिल्याबद्दल त्याला काही बक्षीस मिळते का?" ते हसले. गोष्ट तिथेच राहिली, पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही. कारण हा प्रश्न खाणीचा कमी आणि वहीचा जास्त आहे, आणि वही हा आपला विषय आहे.

व्यापाऱ्याला वही काय हे शिकवावे लागत नाही. रोजमेळ खोटा असेल तर खतावणी खोटी, आणि खतावणी खोटी असेल तर ताळेबंद कितीही सुबक छापा, त्याला किंमत नाही. कच्ची वही एक आणि पक्की वही दुसरी ठेवणारा दुकानदार सरकारला फसवतो, भागीदाराला फसवतो आणि शेवटी स्वतःलाही फसवतो. अपघाताच्या वहीचेही तसेच आहे.

कायदा काय सांगतो

खाणीतल्या अपघाताची नोंद ही मालकाच्या मर्जीची बाब नाही. या देशात खाणींची तपासणी करणारे सरकारी खाते १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. पुढे ते धनबादला गेले आणि आज खाण सुरक्षा महासंचालनालय या नावाने ओळखले जाते. १९५२ च्या खाण कायद्याचे कलम २३ फार विचारपूर्वक लिहिलेले होते. माणूस मेला किंवा त्याला गंभीर दुखापत झाली तर कळवायचेच. पण कोणालाही खरचटले नसले तरी खाणीत पाणी घुसले, आग लागली, विषारी वायू आला, माणसे उतरवण्याचा दोर तुटला, तर तेही कळवायचे. त्या सूचनेची एक प्रत फलकावर लावायची आणि ती किमान १४ दिवस तिथे ठेवायची, म्हणजे कामगार संघटनेच्या लोकांना ती वाचता येईल. ज्या दुखापतीमुळे माणसाचे ७२ तास किंवा त्याहून अधिक काम बुडेल, ती नोंदवहीत लिहायची आणि त्या नोंदी दर तिमाहीला वर पाठवायच्या. जीवघेणा किंवा गंभीर अपघात झाला ती जागा निरीक्षक येईपर्यंत हलवायची नाही. तो ७२ तासांत आला नाही, तरच काम पुन्हा सुरू करता येई.

आता हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती या संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिने काम बुडण्याची मर्यादा ४८ तासांवर आणली आहे. कोणाला इजा झाली नाही तरी धोकादायक घटना कळवण्याचे बंधनही तिच्यात आहे. आणि ध्यानात घ्यावे, खाण म्हणजे केवळ कोळशाची नव्हे. कायद्याच्या भाषेत दगडखाणही खाणच. आपल्या रस्त्यांना खडी देणाऱ्या खाणी आपल्या जिल्ह्यातही आहेत.

म्हणजे कायद्याने एक गोष्ट मान्य केली आहे. मोठा अपघात अचानक येत नाही, त्याच्या आधी लहान लहान निशाण्या येतात, आणि त्या लिहिल्या गेल्या तरच पुढचा अनर्थ टळण्याची शक्यता असते. अमेरिकेतील हाइनरिश नावाच्या विमा कंपनीच्या माणसाने १९३१ साली पुस्तक लिहून हेच मांडले. एका मोठ्या दुखापतीमागे २९ किरकोळ दुखापती आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना असतात, असा त्याचा हिशेब होता. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ टीका झाली. आकडे सोडून द्या, पण मुद्दा कोणत्याही अनुभवी मुकादमाला पटेल.

पाण्याने दिलेले इशारे

आपल्याच भागातील इतिहास पाहा. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. त्या वेळी नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. पुढे १८ नोव्हेंबर १९७५ रोजी नागपूर जिल्ह्यातील सिल्लेवाडा खाणीत पाणी घुसून १० माणसे गेली. चाळीस दिवसही झाले नव्हते, तोच २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत लगतच्या जुन्या, बंद पडलेल्या खोदकामातील साठलेले पाणी फुटून आत आले आणि ३७५ माणसे बुडाली. अमिताभ बच्चनचा 'काला पत्थर' हा १९७९ चा चित्रपट आपल्या पिढीने पाहिला आहे. त्याच्या मागे ही खरी दुर्घटना होती. चासनालाच्या खटल्यात दोन अधिकाऱ्यांना एक वर्षाची शिक्षा झाली ती २०१२ साली. तोपर्यंत मेलेल्यांची नातवंडे मोठी झाली होती.

सिल्लेवाड्याचा आणि चासनालाचा परस्पर काही संबंध होता असे मी म्हणत नाही. म्हणायचे ते एवढेच, की एकाच्या वहीत लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचायची असते. जुने खोदकाम कुठे आहे, त्यात पाणी किती, मधली भिंत किती जाड, हे नकाशावर आणि वहीत खरे लिहिलेले असेल तरच खाली उतरणाऱ्या माणसाच्या जिवाला काही आधार आहे. त्याला तर फक्त अंधार दिसतो. तो कागदावर विश्वास ठेवून उतरतो. ही अमानत आहे, आणि अमानतीत खयानत हा लहान गुन्हा नव्हे.

खुल्या खाणी आल्यावर लोकांना वाटले, आता छत डोक्यावर नाही, धोका गेला. तसे झाले नाही. २००० सालच्या जून महिन्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कवडी येथील खुल्या खाणीत मातीची उतरंड कोसळून १० जण गेले. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधील राजमहल खुल्या खाणीत ढिगारा घसरून २३ जण गाडले गेले, आणि ते कंत्राटदाराचे कामगार होते.

अमेरिकेतील दोन वह्या

आता जी घटना सांगतो ती प्रत्येक व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅसी एनर्जी नावाच्या बड्या कंपनीची अप्पर बिग ब्रँच ही कोळसा खाण होती. ५ एप्रिल २०१० रोजी तिथे वायूने पेट घेतला, कोळशाची भुकटी भडकली आणि स्फोटात २९ कामगार ठार झाले. सरकारी तपास दीड वर्ष चालला. डिसेंबर २०११ च्या अहवालात काय निघाले? कंपनी दोन वह्या ठेवत होती! कायद्याने सक्तीची असलेली तपासणीची वही, जी निरीक्षक वाचणार, तिच्यात धोके लिहिले जात नव्हते. तेच धोके उत्पादन व देखभालीच्या घरच्या वहीत मात्र लिहिलेले होते. म्हणजे मालकाच्या माणसांना ठाऊक होते, आणि ज्याला कळायला हवे त्याच्यापासून ते लपवले गेले. निरीक्षक दारात आला की खाली अगोदर खबर जाई. जो कामगार तोंड उघडे त्याला धाक दाखवला जाई.

परिणाम काय झाला? ज्या कंपनीने मॅसी विकत घेतली तिला २० कोटी ९० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. माजी प्रमुखाला सुरक्षा नियम मोडण्याच्या कटाबद्दल डिसेंबर २०१५ मध्ये दोषी ठरवून पुढे एक वर्ष तुरुंगाची शिक्षा झाली. आणि पुरावा कोणता? घरचीच वही. लपवलेली वही शेवटी मालकाच्या विरुद्ध साक्षीला उभी राहिली. एकोणतीस घरांच्या दृष्टीने मात्र हा सगळा न्याय उशिराचा होता.

आकडा कसा वाचावा

कोणी म्हणेल, अशा लबाड कंपनीवरून सगळ्यांना का तोलता? बरोबर आहे. आपल्या देशात राष्ट्रीयीकरणानंतर कोळसा खाणींतील मृत्यू पूर्वीच्या मानाने पुष्कळ कमी झाले आहेत, ही गोष्ट कोणी नाकारू नये. सेबीच्या नियमामुळे २०२२-२३ पासून मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना कामगारांच्या दुखापती आणि मृत्यूंचे आकडे जाहीर करावे लागतात, हेही चांगले झाले. पण आकडा वाचण्याची रीत असते.

पहिली गोष्ट. कोळसा कंपन्या मृत्यूचे प्रमाण दोन प्रकारे देतात. एक, दर दहा लाख टन कोळशामागे, आणि दुसरे, दर तीन लाख पाळ्यांमागे. पहिला आकडा मोठ्या यंत्रांनी उत्पादन वाढले की आपोआप खाली येतो, मग माणसे तितकीच का मरेनात. विक्री दुप्पट झाली म्हणून बुडीत उधारी कमी झाली असे आपण म्हणतो का? दुसरा आकडा माणसाच्या कष्टाशी बांधलेला आहे, म्हणून तो आधी पाहावा.

दुसरी गोष्ट. कंत्राटदाराचे मजूर मोजले आहेत की नाहीत, ते पाहावे. जिथे कायम कामगार कागदावर सुखरूप आणि कंत्राटी मजूर कागदावरच नाही, तिथे शून्याला अर्थ नाही.

तिसरी गोष्ट. ज्या ठिकाणी मृत्यू नोंदलेले आहेत पण लहान दुखापती जवळपास नाहीतच, तिथे शंका घ्यावी. असे कसे होईल, की माणूस एकदम मरतोच, कोणाचे बोट चेंगरत नाही, कोणाचा पाय मुरगळत नाही? मृत्यू लपवणे कठीण असते, मुका मार लपवणे सोपे. बोनस, बढती, ढाल-करंडक हे सारे शून्याला बांधले की मुकादम जखमी माणसाला म्हणतो, "दोन दिवस हजेरी लावून बसून राहा, नोंद नको." अशा वेळी माणूस वाचत नाही, आकडा वाचतो.

आणि चौथी गोष्ट, रोगाची. धूळ छातीत जाऊन माणूस दहा वर्षांनी मरतो तो खाणीत किंवा कारखान्यात नाही, आपल्या घरच्या खाटेवर मरतो. आपल्या शेजारच्या अलिराजपूर, झाबुआ, धार भागातील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्र्याकडे क्वार्ट्झचा दगड दळण्याच्या कारखान्यांत जात. सिलिकोसिस होऊन ते गावी परतले आणि मेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाला २०१६ साल उजाडले. त्या कारखान्यांच्या अपघात वहीत हे २३८ जण कुठे असतील? अशाच डोंगरातला माणूस आपल्या दुकानावर लुगडे आणि धोतर घ्यायला येतो. त्याच्या खोकल्याकडे आपण कधी लक्ष देतो का?

माझ्या गोदामातली शिडी

दुसऱ्यांचे दोष काढणे सोपे असते, म्हणून एक स्वतःची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गोदामात ताके काढताना एक मुलगा शिडीवरून घसरला. मनगट सुजले. मी त्याच्या हातात डॉक्टरचे पैसे ठेवले, दोन दिवस सुट्टी दिली आणि विषय मिटवला. त्यात मला आपण उदार असल्यासारखे वाटले. चार महिन्यांनी त्याच शिडीवरून दुसरा, वयाने मोठा माणूस पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. तेव्हा चौकशी केली तर कळले, शिडीची तिसरी पायरी ढिली होती आणि हे गोदामातल्या प्रत्येकाला माहीत होते. पहिल्या मुलाने मुनीमजींना सांगितलेही होते. मुनीमजींनी मला सांगितले नाही, कारण त्याआधी एकदा तुटलेल्या कुलपाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी सर्वांसमोर झापले होते. "काम करायचे नाही म्हणून बहाणे," असे माझे शब्द होते. मुनीमजींना ते पाठ होते, मी विसरलो होतो.

तो माणूस आजही माझ्याकडे आहे. आता बसून कापड मोजतो. उभा राहताना गल्ल्याचा आधार घेतो, तेव्हा मी दुसरीकडे पाहतो. शिडीची पायरी बसवायला सुताराने किती घेतले असते, हे लिहिण्याचीही लाज वाटते.

माझ्याकडे उधारीची वही होती, आवक-जावक वही होती, जकातीचा हिशेबही वेगळा लिहिलेला होता. पडलेल्या माणसाची वही नव्हती.

आपण काय करावे

आपल्या समाजातील बहुतेक कारखाने लहान. यंत्रमाग, सायझिंग, रंगाई, जिनिंगमधली मजुरी, बेकरी, वेल्डिंग, गॅरेज, फर्निचर. नव्या संहितेत वीज वापरणारा कारखाना २० कामगारांपासून 'कारखाना' ठरतो, आणि दहापेक्षा कमी माणसांच्या कित्येक आस्थापना तिच्या कक्षेतच येत नाहीत. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या दारात निरीक्षक कधी येणार नाही. मग जबाबदारी संपली का? उलट वाढली. तिथे पाहणारा फक्त अल्लाह आहे.

माझी सूचना अगदी साधी आहे. एक शंभर पानी वही घ्या. तिच्यात तारीख, वेळ, माणसाचे नाव, काय झाले, का झाले आणि दुरुस्ती कोणी कधी केली, एवढे सहा रकाने आखा. रक्त आले तरच लिहायचे असे नको. पट्टा तुटला पण कोणाला लागला नाही, वायर तापली, गाठ घसरली पण बाजूला पडली, तेही लिहा. वही कुलपात ठेवू नका, सर्वांना दिसेल अशी टांगा. खाणीच्या फलकावर १४ दिवस कागद ठेवण्याचा नियम याचसाठी होता. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याने लिहावे आणि त्याला वाचून दाखवावे. आणि जुम्याच्या सुट्टीआधी किंवा आठवड्याचा पगार वाटताना मालकाने ती वही स्वतः वाचावी. शेवटचा रकाना रिकामा असेल तर तो मालकाचा दोष समजावा.

या सगळ्याहून महत्त्वाचे एक आहे. सांगणाऱ्याला रागावू नका. ज्या दिवशी तुम्ही त्याला रागावलात त्या दिवशी वही बंद झाली, मग ती भिंतीवर कितीही टांगलेली असो.

मालेगावच्या एका यंत्रमाग मालकाशी मी हे बोललो, तेव्हा ते म्हणाले, "भाई, लिहून ठेवले तर तोच कागद उद्या आपल्यावर उलटेल." भीती खोटी नाही. पण विचार करा. कायदा कागद असलेल्याला आणि नसलेल्याला दोघांनाही विचारतो. ज्याच्याकडे 'पट्टा ढिला, त्याच दिवशी बदलला' अशी ओळ आहे, त्याला उत्तर देता येते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला फक्त शपथा घ्याव्या लागतात. कामगाराला भरपाई मिळवून देताना आणि विम्याचा दावा करतानाही नोंद असलेल्याचीच बाजू भक्कम राहते. आणि कागद खरोखर उलटतो तो दोन वह्या ठेवणाऱ्यावर, हे अमेरिकेच्या उदाहरणात आपण पाहिलेच.

कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, हे आपल्या मुलांना विचारा. ती कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा प्रामाणिक असावा, साक्षीदार असावेत, हे सारे त्यात आले आहे. पैशाच्या देण्याघेण्याची एवढी काळजी घ्यायला सांगणारा आपला दीन, माणसाच्या हातापायांचा हिशेब तोंडी सोडून देण्यास परवानगी देईल का? जो मजूर आपल्या छपराखाली येतो, त्याचे शरीर संध्याकाळपर्यंत आपल्याकडे ठेव असते. ती जशी घेतली तशी त्याच्या घरी परत करणे हे आपल्यावरचे कर्जच आहे.

खाण कंपनीने तिची वही खरी ठेवावी, यासाठी सरकार आहे, संघटना आहेत, न्यायालये आहेत. आपल्या वहीसाठी आपणच आहोत. येत्या सोमवारी दुकान किंवा कारखाना उघडल्यावर पहिले काम हे करा. शिडीची तिसरी पायरी हलवून पाहा, आणि काय दिसले ते लिहून ठेवा. अल्लाह आपणा सर्वांना खरे लिहिण्याची आणि खरे ऐकून घेण्याची तौफीक देवो. आमीन.